नामांकित बंदुकांच्या परदेशी नकला: घेण्याआधी काय तपासायचं, घेतल्यावर काय सांभाळायचं

इटालियन चांगलं की ब्राझिलियन, चिनी माल टिकतो का, असे प्रश्न नकला घेणारे नवखे लोक देशाचं नाव घेऊन विचारतात. देशावरून फारसं काही कळत नाही. इटलीत ब्रेशाच्या उत्तरेला गार्दोने व्हाल त्रोम्पिया नावाचं गाव आहे. त्या गावातून आणि आसपासच्या कारखान्यांतून पिढ्यानपिढ्या चालेल अशी शार्प्स रायफल येते, आणि भरपूर दारू ठासून बार काढले तर थोड्याच काळात खिळखिळं होईल असं पितळी रिव्हॉल्व्हरही येतं. दोन्हीवर छाप इटलीचाच. उलट चीनच्या नोरिन्को कंपनीचं १९११ ए१, म्हणजे कोल्टच्या .४५ इंची पिस्तुलाची नक्कल, दिसायला ओबडधोबड, पण त्याचं पोलाद कडक आहे आणि नामांकित पिस्तूल-कारागीर ते पाया म्हणून आनंदाने घेतात. म्हणून हातात असलेला नेमका नग तपासायला शिका. खाली त्याचीच रीत आहे. परवान्याचे नियम देशागणिक वेगळे असतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ठासणीच्या जुन्या नमुन्यांच्या नकला 'अँटिक' धरल्या जातात, बऱ्याच देशांत तशी सूट नाही. ते आधी पाहून घ्या आणि मगच पैशाची भाषा करा.

नक्कल कोणत्या जातीची आहे

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. वरून सारखी दिसणारी दोन पिस्तुलं आतून पूर्ण वेगळी असू शकतात. मग सुटे भाग बसत नाहीत आणि कारागीरही हात लावत नाही.

काही नकला परवान्याने, मूळ आराखड्यावर बनलेल्या आहेत. अर्जेंटिनाचं सिस्तेमा कोल्ट मोदेलो १९२७ हे १९४५ पासून १९६६ पर्यंत तिथल्या सरकारी कारखान्यात बनलं. ते कोल्टच्याच यंत्रणेचं असल्याने त्याचे भाग १९११ ए१ शी अदलाबदल होतात. नॉर्वेचं काँग्सबेर्ग एम/१९१४ याच घरातलं. त्याच्या स्लाइड स्टॉपचा (वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, अडवणारा) खटका खालपर्यंत लांबवलेला असतो, त्यावरून ते लांबूनही ओळखू येतं. आता बायेस्तेर-मोलिना पाहा. तेही अर्जेंटिनाचं, .४५ चं, आणि टेबलावर ठेवलं तर कोल्टच वाटेल. पण त्याला मुठीमागची दाबपट्टी नाही, चाप सरळ मागे सरकण्याऐवजी खिळीवर फिरतो, आणि नळी व मॅगझिन सोडलं तर कोल्टचं फारसं काही त्याला लागत नाही. स्पेनच्या स्टार पिस्तुलांचंही तसंच.

हंगेरीच्या फेग कारखान्याने ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलाची जवळपास हुबेहूब नक्कल काढली आणि त्याच तोंडवळ्याचं पी९आर नावाचं दुसरं पिस्तूलही काढलं. दुसऱ्याची चापाची यंत्रणा डबल ॲक्शन, म्हणजे चाप ओढला की घोडाही चढतो, स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ५९ च्या धाटणीची. विक्रेते दोन्हींना बिनदिक्कत हाय-पॉवरच म्हणतात. साधा उपाय म्हणजे घोडा उतरवलेला ठेवून, रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून पाहायचा. घोडा आपणहून मागे चढला तर ते खऱ्या हाय-पॉवरच्या जातीचं नाही. चेक सीझेड-७५ पिस्तुलाच्या इतक्या नकला का निघाल्या, यामागेही मजेदार कारण आहे: त्याचं पेटंट चेकोस्लोव्हाकियात गुप्त नोंदलं गेलं, त्यामुळे देशाबाहेर त्याला संरक्षणच उरलं नाही. इटलीच्या तानफोल्योपासून तुर्कस्तान, इस्रायल आणि चीनपर्यंत ज्याने त्याने आपापले फेरफार करून ते काढलं. म्हणून 'सीझेडचे भाग बसतील' हे वाक्य प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं तपासायचं.

सोबत काय न्यायचं

पातळ पट्ट्यांचं फीलर गेज, व्हर्निअर कॅलिपर, लहान विजेरी, त्या मापाची डमी काडतुसं, आणि खाचेत घट्ट बसणारे समांतर धारेचे स्क्रूड्रायव्हर. घरगुती पाचरीसारख्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर नेऊ नका. इटालियन स्क्रू मऊ असतात, एकदा खाच पिचकली की ती पिचकलेलीच राहते. तपासणीला सुरुवात करण्याआधी मॅगझिन काढा, नळीचं मागचं तोंड डोळ्यांनी आणि करंगळीने पाहा. ठासणीच्या बंदुकीत गज आत सोडून तो बाहेरून मोजलेल्या लांबीइतका खाली जातो का ते पाहा. जुन्या ठासणीच्या बंदुका कधी कधी भरलेल्याच विकायला येतात.

छाप वाचायला शिका

युरोपातल्या अनेक देशांत प्रत्येक नळी सरकारमान्य चाचणीगृहात जास्त दाबाच्या बाराने तपासली जाते आणि मगच तिच्यावर छाप मारला जातो. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची, बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ चं, बेल्जियममधल्या लिएजची परंपराही तितकीच मानाची. अमेरिकेत अशी सक्ती नाही. तिथे १९२६ साली स्थापन झालेल्या सामी या उद्योगसंस्थेची ऐच्छिक मानकं चालतात. त्यामुळे छाप नाही म्हणजे माल वाईट असं होत नाही. पण युरोपातून आलेल्या नगावर छाप नसेल तर कारण विचारायलाच हवं.

इटालियन नकलांवर दोन गोष्टी शोधा. 'पीएन' असा छाप असेल तर ती नळी फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली आहे. ताऱ्याखाली 'पीएसएफ' असेल तर धूररहित दारूसाठी. पीएन छापाच्या बंदुकीत धूररहित दारूची चिमूटसुद्धा घालायची नाही. ती दारू वेगळ्या वेगाने दाब चढवते आणि सिलिंडर फाटतो. दुसरी गोष्ट म्हणजे लहान चौकटीतला वर्षाचा संकेत. जुन्या नगांवर तो रोमन आकड्यांत असतो, १९७४ साठी तीन एक्स. १९७५ पासून दोन अक्षरांची मालिका सुरू झाली, १९७५ म्हणजे एए, १९७६ म्हणजे एबी, आणि पुढे तशीच. विक्रेता 'सत्तरच्या दशकातलं आहे' म्हणाला तर चौकट पाहा, वाद तिथेच मिटतो. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या मालात बराच फरक असतो, म्हणून हे वर्ष महत्त्वाचं.

टोपीची रिव्हॉल्व्हरं: नवख्यांचा पहिला सौदा आणि पहिली फसगत

या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू-गोळी समोरून ठासतात आणि मागच्या निपलवर, म्हणजे बारीक नळकांड्यावर, पेट घेणारी टोपी बसवतात. उबेर्ती ही कंपनी १९५९ ची. अमेरिकन यादवी युद्धाची शंभरी जवळ आली तसं तिकडच्या हौशी लोकांना कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या नकला हव्या होत्या, त्यातून गार्दोनेचा हा धंदा उभा राहिला. आज या प्रकारात मुख्य नावं दोन: उबेर्ती आणि पिएट्टा.

पहिली नजर फ्रेमवर. कोल्टचं १८५१ चं नेव्ही रिव्हॉल्व्हर .३६ चं आणि पोलादी-लोखंडी फ्रेमचं होतं. दुकानात सर्वांत स्वस्त मिळतं ते 'पितळी फ्रेमचं १८५१, .४४'. असं हत्यार कोल्टने कधी बनवलं नाही. दक्षिणेकडच्या ग्रिसवोल्ड अँड गनिसनसारख्या कारखान्यांनी लोखंडाच्या टंचाईत पितळी फ्रेम वापरली खरी, पण तीही .३६ साठी. भिंतीवर लावायला पितळ छान दिसतं. बार काढायचे असतील तर ते हळूहळू ताणलं जातं. वापरलेलं पितळी रिव्हॉल्व्हर घेताना सिलिंडर काढा आणि त्याच्या मागे फ्रेमचा जो सपाट भाग येतो त्यावर विजेरी तिरपी धरा. सिलिंडरच्या दात्यांचा गोल ठसा पितळात रुतलेला दिसला तर ते हत्यार जास्त दारूने दमवलेलं आहे. किंमत कितीही खाली आली तरी सोडून द्या.

दुसरी नजर अशा जागी, जिथे दुकानदारही बहुधा पाहत नाही. कोल्टच्या या जुन्या रचनेत वरची पट्टी नसते. फ्रेममधून पुढे आलेला जाड दांडा नळीच्या गाभ्यातल्या भोकात शिरतो आणि आडवी पाचर दोघांना आवळून धरते. मूळ कोल्टमध्ये दांड्याचं टोक भोकाच्या तळाला टेकतं. उबेर्तीच्या बऱ्याच नगांत ते टेकत नाही, थोडं आखूड पडतं. मग पाचर जितकी आत ठोकाल तितकी नळी मागे आणि वर झुकते. सिलिंडर कधी अडकतो, कधी मोकळा पडतो, आणि दर वेळी नेम वेगळ्या जागी लागतो. अलीकडच्या पिएट्टात ही खोट बहुधा नसते.

तपासणी दोन मिनिटांची आहे. पाचर काढा, नळी उतरवा, सिलिंडर बाजूला ठेवा. आता नळी थोडी आडवी फिरवून, म्हणजे तिचा खालचा भाग फ्रेमला न अडता बाजूने जाईल अशी, दांड्यावर तळापर्यंत सरकवा. नळीच्या खालच्या भागाची मागची कड फ्रेमच्या पुढच्या कडेशी बरोबर जुळली तर दांडा योग्य लांबीचा. ती कड फ्रेमच्या मागे सरकली, तर जितकी सरकली तितका दांडा आखूड. दीड मिलिमीटर ओलांडली असेल तर भोकाच्या तळाशी दीड मिलिमीटरची पोलादी चकती बसवून काम भागतं. चकती किंचित जाड घ्या आणि घासत घासत मापाला आणा. पातळ चकतीवर दुसरी पातळ चकती रचू नका, हादऱ्याने त्या सरकतात. पाचर अंगठ्याने आत जावी आणि हलक्या ठोक्याने बाहेर यावी. त्या स्थितीत सिलिंडर आणि नळी यांमधली फट फीलर गेजने मोजा. ०.१० ते ०.२० मिलिमीटर असेल तर उत्तम.

गोळी किती मोठी घ्यायची? पिएट्टाच्या .४४ ला बहुतेक वेळा .४५१ इंचाची गोल गोळी चालते, उबेर्तीला .४५४ बरी पडते. .३६ साठी .३७५ किंवा .३८०. ठासताना सिलिंडरमधल्या कोठीच्या (बार भरायच्या भोकाच्या) कडेने शिशाची पूर्ण, अखंड कडी कापली गेली पाहिजे. कडी अर्धवट निघाली म्हणजे गोळी सैल आहे. सैल गोळी शेजारच्या बाराच्या धक्क्याने पुढे सरकते आणि तिच्या कडेने आगही शिरू शकते. एका बाराबरोबर शेजारच्या कोठ्या पेटण्याचं जे भय सगळे बोलून दाखवतात, त्यावर घट्ट गोळी आणि घट्ट टोपी हे दोन उपाय आहेत. दारूची मात्रा आकारमानाने मोजा: पोलादी फ्रेमच्या .४४ ला साधारण २५ ते ३० ग्रेन, पितळीला १५ ते २० च्या वर जाऊ नका. कंपनीच्या पुस्तिकेत याहून कमी लिहिलं असेल तर पुस्तिका मानायची. कोठी रिकामी राहते म्हणून गोळी वरच सोडणं ही घातक चूक आहे. दारू आणि गोळी यांत पोकळी राहता कामा नये. उरलेली जागा रव्याने भरतात, म्हणजे गोळी कोठीच्या तोंडाजवळ येते आणि नेमही सुधारतो.

कारखान्याचे निपल हा या नकलांचा दुबळा भाग. टोपी बसते पण घट्ट बसत नाही, किंवा घोड्याच्या पहिल्या फटक्यात नुसती आत सरकते आणि दुसऱ्याला उडते. उबेर्ती आणि पिएट्टा दोन्हीत आटे ६ × ०.७५ मिलिमीटरचे असतात. चांगल्या पोलादाचा बदली संच घ्या, आणि त्याला १० नंबरची टोपी लागते की ११ ची हे पाकिटावर वाचून घ्या. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाचेतून आत पडला की सिलिंडर फिरायचा थांबतो. अशा वेळी जोर लावू नका. नळी खाली, समोर सुरक्षित दिशेला ठेवून तुकडा हलवून काढा.

बार झाले की त्याच दिवशी धुवायचं. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते. गरम पाणी, मग पूर्ण कोरडं करणं, मग तेल. दांड्यावर मात्र तेल नको, जाड ग्रीस. पातळ तेल पाच-सहा बारांतच राखेशी मिसळून चिकटतं.

काडतुसाचं सिंगल ॲक्शन

सिंगल ॲक्शन म्हणजे दर बाराला घोडा अंगठ्याने चढवायचा. कोल्टच्या १८७३ च्या अशा रिव्हॉल्व्हरच्या नकलेत कान उपयोगी पडतात. रिकामं आहे याची खात्री करून घोडा अगदी सावकाश चढवा. मूळ रचनेत चार टिकटिक ऐकू येतात: सुरक्षा-खाच, भरण्याची अर्धी खाच, सिलिंडर-खटका वर येण्याचा आवाज, आणि पूर्ण चढल्याचा. खटका सिलिंडरच्या खाचेकडे नेणाऱ्या उतारावर पडला पाहिजे. तो आधीच पडत असेल तर सिलिंडरभोवती चकाकणारी गोल रेघ उमटते. नव्या नगावरच अशी रेघ असेल तर वेळ चुकलेली आहे. मग अंगठ्याने सिलिंडरला किंचित अडवून घोडा चढवा. घोडा पूर्ण चढला तरी सिलिंडर कुलूपबंद झाला नाही, तर त्याला ढकलणारा पंजा आखूड आहे. शेवटी जोरात, झटक्याने चढवून पाहा. सिलिंडर खाच ओलांडून पुढे गेला तर खटक्याची स्प्रिंग कमजोर आहे. सहाही कोठ्यांवर हे करायचं. पाच बरोबर आणि सहावी चुकीची, असं खूपदा निघतं.

उबेर्तीच्या कॅटलमन नावाच्या १८७३ च्या नकलेत एक गोष्ट नवख्यांना हमखास गोंधळात टाकते. सिलिंडरच्या आसाच्या दांडीला दोन खाचा असतात. दांडी दुसऱ्या खाचेपर्यंत आत ढकलली की तिचं टोक घोड्याला पूर्ण खाली जाऊ देत नाही. ती आयातीसाठी केलेली सुरक्षा-सोय आहे. साफसफाईनंतर दांडी चुकून तिथे बसली की बार उडत नाही, आणि लोक फायरिंग पिन (काडतुसाच्या टोपीवर आपटणारं टोक) मोडली म्हणून हत्यार परत पाठवतात. आधी दांडी एक खाच बाहेर ओढून पाहा. घोड्यावरच पिन असलेल्या जुन्या धाटणीत सहाऐवजी पाचच काडतुसं भरायची आणि घोडा रिकाम्या कोठीवर ठेवायचा. सुरक्षा-खाच एका पडण्यात तुटू शकते.

या रिव्हॉल्व्हरचा नेम सहसा खाली लागतो, आणि पुष्कळदा ते मुद्दामच असतं. समोरची माशी उंच ठेवलेली असते, म्हणजे ती घासून नेम वर आणता येतो. हिशेब सोपा आहे. चूक गुणिले माशी आणि मागची खाच या दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. १५ मीटरवर ९ सेंटिमीटर खाली लागत असेल आणि साइटमधलं अंतर १६ सेंटिमीटर असेल, तर माशी जेमतेम १ मिलिमीटर घासायची आहे. कानस लावण्याआधी कोणती गोळी कायम वापरणार ते ठरवा. जड गोळी सहसा वर लागते, हलकी खाली. घासलेलं परत येत नाही.

पृष्ठभाग रंगीबेरंगी दिसावा म्हणून फ्रेमवर जी छटा असते ती जुन्या हाडं-कोळशाच्या पद्धतीइतकी खोल नसते, उन्हात आणि हाताळणीत फिकी पडते. दस्त्यावरचं लालसर वॉर्निशही पुष्कळांना खटकतं. दोन्ही दिखाऊ बाबी आहेत, त्यावरून भाव पाडून मागा, नग नाकारू नका.

लिव्हरच्या रायफली

१८६० ची हेन्री, १८६६ ची पितळी विंचेस्टर आणि १८७३ ची विंचेस्टर या तिन्हींत बोल्टला मागून अडवणारा सांधा गुडघ्यासारखा दुमडतो. चाल लोण्यासारखी, ताकद बेताची. उबेर्तीची १८७३ आज .३५७ मॅग्नमसाठीही मिळते. पण सांधा तोच आहे, म्हणून जास्त दाबाची 'प्लस पी' काडतुसं तिच्यात घालायची नाहीत. १८९२ च्या रचनेत दोन उभे पोलादी ठोकळे बोल्टला कुलूप घालतात. ती खरोखर मजबूत आहे. ब्राझीलच्या रोसीची ९२ बाहेरून बरी, आतून खरबरीत: स्प्रिंगा गरजेपेक्षा ताठ, भरण्याच्या झडपेची कड बोट कापेल इतकी धारदार. बारीक एमरी कागदाने कडा मोडल्या आणि स्प्रिंगा बदलल्या की तीच रायफल सुरेख चालते. जपानच्या मिरोकूचं काम या सगळ्यांत उजवं. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ साली बंद झाला. आज विंचेस्टर नावाने नव्या मिळणाऱ्या लिव्हर रायफली मिरोकूच बनवते. शुद्धतावादी लोक त्यांवर वाढवलेल्या सुरक्षा-कळीवर नाक मुरडतात, तो त्यांचा हक्क.

नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक टेकलेली असतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकते आणि हादऱ्याने ती उडू शकते. सपाट नाकाचीच गोळी घ्या.

१९११ च्या नकला

फिलिपिन्सची आर्मस्कोर, म्हणजेच रॉक आयलंड, फ्रेम ओतीव पोलादाची करते. तुर्कस्तानच्या टिसाससारख्या कंपन्या घडीव फ्रेमवर जाहिरात करतात. ओतीव म्हटलं की लोक घाबरतात. चांगल्या पोलादाची, नीट तापवून कडक केलेली ओतीव फ्रेम .४५ चा दाब आयुष्यभर सोसते. खरी अडचण बहुधा लहान भागांत असते. स्लाइड हलवल्यावर खुळखुळते म्हणून पिस्तूल नाकारू नका, लष्करी नगही खुळखुळायचे.

तपासा असं. घोडा चढवा, मुठीमागची दाबपट्टी न दाबता चाप ओढा: घोडा पडता कामा नये. स्लाइड सहा-सात मिलिमीटर मागे धरून चाप ओढा: तरीही नाही. आता घोडा चढवून अंगठ्याची सुरक्षा-कळ लावा, चाप जोरात ओढा आणि सोडा. कळ काढा. पिस्तूल कानाजवळ धरून घोडा अंगठ्याने अगदी किंचित मागे ओढा. बारीक 'टक' ऐकू आलं तर सुरक्षा-कळ आतल्या भागाला पूर्ण अडवत नाही, तो थोडा सरकला होता आणि आता जागेवर आला. ही खोट बाहेरून दिसत नाही, आणि ती असलेलं पिस्तूल भरून बाळगायचं नाही.

स्लाइड उतरवून एक्स्ट्रॅक्टरच्या (टोपण नळीतून मागे ओढणाऱ्या भागाच्या) आकड्याखाली डमी काडतूस सरकवा आणि हलकं हलवा. काडतूस टिकलं पाहिजे. पडलं तर ताण कमी, बोटाने सरकवताच येत नसेल तर जास्त. स्वस्त नकलांत हा भाग स्प्रिंगच्या पोलादाचा नसतो आणि काही शे बारांत ढिला पडतो. दुसऱ्या कंपनीचा चांगला एक्स्ट्रॅक्टर सरळ बसतो, हाच मूळ आराखड्याशी इमान राखलेल्या नकलेचा फायदा. मात्र १९८३ पासूनच्या कोल्टसारखा फायरिंग-पिन अडवणारा जादा भाग तुमच्या नकलेत आहे की नाही ते पाहून मगच भाग मागवा. नळी खाली उतरलेली असताना तिचा उतार आणि फ्रेमचा उतार यांत साधारण ०.८ मिलिमीटरची पायरी असावी. दोन्ही एका सपाटीत असतील किंवा नळीचा उतार पुढे आला असेल तर काडतूस तिथेच नाक घासतं. डाव्या बाजूची, सुरक्षा-कळीवरची बारीक नळी नखाने हलवून पाहा. ती दोन रिव्हेटांवर असते आणि ढिली झाली की कळ अडकते.

नवं पिस्तूल अडकलं की पहिला संशय मॅगझिनवर घ्या. सोबत आलेलं बाजूला ठेवून चांगल्या नावाचं लावा. निम्म्या तक्रारी त्यातच संपतात.

चकमकीच्या बंदुका

पेदेर्सोली १९५७ पासून या कामात आहे. त्यांची ब्राउन बेस (ब्रिटिश सैन्याच्या जुन्या चकमकीच्या बंदुकीची नक्कल) किंवा शार्प्स चाचणीगृहाच्या छापासह येते, आणि किंमतही तशीच असते. भारतात बनून पाश्चात्य देशांत जाणाऱ्या ब्राउन बेसच्या नकला बऱ्याच स्वस्त असतात. त्यांतल्या पुष्कळ कानाचं भोक, म्हणजे ठिणगी नळीत शिरण्याचं छिद्र, न पाडताच पाठवलेल्या असतात, म्हणजे कागदोपत्री ती शोभेची वस्तू ठरते. भोक पाडलं की ती बंदूक झाली, पण नळीची चाचणी झालेलीच नसते. नाटकात, मिरवणुकीत धरायला त्या ठीक. बार काढायचा असेल तर आधी चाचणीगृहाचा छाप किंवा प्रमाणपत्र, त्याशिवाय नाही. ब्रिटनमध्ये तर चाचणीविना विकताच येत नाही. ठिणगीही पाहा: दारू न घालता चकमक झाडून बघा. पाच-सहा वेळांत ठिणग्या बारीक आणि लालसर पडत असतील, तर गारगोटी ज्या पोलादी पट्टीवर आपटते ती वरवर कडक केलेली आहे. तिला पुन्हा तापवून कडक करावं लागतं.

बार काढायचाच नाही अशा नकला

खैबर खिंडीच्या परिसरात, दर्रा आदमखेलसारख्या गावांत हाताने बनलेल्या मार्टिनी-हेन्री आणि ली-एनफिल्ड. कारागिरी थक्क करणारी, पोलाद काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. ओळख छापांवरून होते: इंग्रजी अक्षर उलटं कोरलेलं, शब्दांची स्पेलिंग चुकलेली, किंवा व्हिक्टोरिया राणीच्या अक्षरांखाली १९०१ नंतरचं साल. राणी १९०१ च्या जानेवारीतच गेली. अशी वस्तू संग्रहात मोलाची, मैदानात नाही.

पहिल्या महायुद्धात स्पेनच्या एईबारमधून फ्रेंच सैन्यासाठी निघालेली रुबी पिस्तुलं अनेक लहान कारखान्यांनी बनवली, आणि एकाचं मॅगझिन दुसऱ्यात बसेलच असं नाही. फ्रेमवरची दोन अक्षरं आणि मॅगझिनच्या तळावरची दोन अक्षरं जुळतात का ते पाहून घ्या. त्याच गावातल्या स्मिथ अँड वेसन धाटणीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल सरळ आत जातं, पण बऱ्याच जणांचे सिलिंडर मऊ आहेत. काडतूस आत गेलं म्हणजे हत्यार ते झेलेल असं नाही. सिलिंडर हाताने मागे-पुढे आणि बाजूला हलवा. हललाच, तर काचेच्या कपाटात ठेवा.

घेतल्यावर लगेच

सौद्याबरोबरच सुटे भाग मागवा: टोपीच्या आणि सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरसाठी पंजाची स्प्रिंग, खटक्याची दुफाट्याची स्प्रिंग आणि फ्रेमच्या स्क्रूंचा संच. याच स्प्रिंगा आधी मोडतात. भाग त्याच कंपनीचे घ्या. इटालियन आटे मेट्रिक असल्याने कोल्टचा स्क्रू त्यात जात नाही, आणि जोर लावून घातला तर फ्रेमचे आटे जातात. पहिल्या दिवशी मॅगझिनमध्ये एकच काडतूस, मग दोन, मग पूर्ण. प्रत्येक रिकाम्या पितळी टोपणाकडे पाहा: टोपी चपटी होऊन कडेपर्यंत पसरली आहे का, बुडाजवळ चकाकणारी कडी आहे का. तसं दिसलं तर तिथेच थांबा, आणि दुसरा बार काढण्याआधी कारागिराकडून काडतुसाची मागची जागा गेजने मोजून घ्या.